‘नाफरमान’ म्हणण्याआधी

(नरखेड इथे पालक, शिक्षक आणि तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)





शिक्षण, शिष्यवृत्ती, आरक्षण या विषयांवर आपण नेहमी बसतो. आजचा विषय घराच्या आतला आहे, म्हणून तो सभेत येत नाही. विषय आहे सतत उलट बोलणाऱ्या, प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणणाऱ्या, शाळेतून रोज तक्रार आणणाऱ्या मुलांचा. आपल्याकडे अशा मुलासाठी शब्दांची कमी नाही. जिद्दी, आगाव, बदतमीज, हाताबाहेर गेलेलं पोट्टं. आणि घरातली मोठी माणसं फार दुखावली की एक शब्द येतो : नाफरमान. हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. तो चिकटवण्याआधी काय बघायचं, एवढंच मला आज बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही, आलिमही नाही. मी सॉफ्टवेअरचं काम करतो. माझ्या आपाच्या मोठ्या मुलाला आठव्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी हे निदान सांगितलं. दुल्हेभाई ट्रकवर, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. त्यामुळे पालकांना जे शिकवतात ते शिकायला आपाबरोबर मी बसत होतो. तिथे शिकलो ते, आणि नंतर वाचलं ते, तुमच्यासमोर ठेवतो. माझं ऐकून कुणी घरच्या घरी निदान करू नये. निदान डॉक्टरच करतील.

हा आजार नेमका काय आहे?

इंग्रजी नाव लांबलचक आहे : अपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर. आपण त्याला ओडीडी म्हणू. मराठीत विरोधी आणि अवज्ञाकारी वर्तनाचा विकार म्हणता येईल. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आजारांच्या आपल्या यादीत तो पहिल्यांदा घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आहे.

2013 साली त्या अमेरिकन यादीची पाचवी आवृत्ती आली. त्यात आठ लक्षणं दिली आहेत आणि त्यांचे तीन गट केले आहेत. पहिला गट मनःस्थितीचा. मूल वारंवार भडकतं, लवकर चिडतं, सतत रागावलेलं आणि कुढत असतं. दुसरा गट वागण्याचा. मोठ्यांशी वाद घालतं, सांगितलेलं ऐकत नाही, मुद्दाम दुसऱ्याला त्रास देतं, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलतं. तिसरा गट आकसाचा. गेल्या सहा महिन्यांत निदान दोनदा डूख धरून, सूड घेतल्यासारखं वागलेलं असतं.

यातली किमान चार लक्षणं किमान सहा महिने दिसायला हवीत. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर बहुतेक दिवशी, त्याहून मोठं असेल तर आठवड्यातून एकदा तरी. ती फक्त भावाबहिणींशी भांडण्यापुरती असतील तर ती मोजायची नाहीत. आणि त्यामुळे मुलाचं किंवा घराचं, शाळेचं, दोस्तीचं नुकसान होत असायला हवं.

या अटी मी मुद्दाम सांगतोय. कारण अशी माहिती ऐकून घरी गेलं की प्रत्येक मूल आजारी वाटू लागतं. दोन वर्षांचं पोर बाजारात लोळून रडतं, ते वयच तसं असतं. चौदा वर्षांचा मुलगा दार लावून बसतो, वाद घालतो, त्यालाही बहुतेक वेळा आजार म्हणत नाहीत. प्रश्न विचारणं हा आजार नाही. अन्यायाला ‘नाही’ म्हणणं तर मुळीच नाही.

वेगवेगळ्या पाहण्यांत या विकाराचं प्रमाण 1 ते 11 टक्के आलेलं आहे, आणि त्याच यादीत सरासरी 3.3 टक्के दिली आहे. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोन. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये 12 राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्याला लागून असलेले मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. 13 ते 17 वयाच्या मुलामुलींमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार असलेल्यांचं प्रमाण 7.3 टक्के निघालं. तेव्हा ‘आमच्याच घरी असं का’ म्हणून मान खाली घालून बसलेली एखादी आई इथे असेल, तर तिने मान वर करावी. ती एकटी नाही.

दोष कुणाचा?

अशा घरात पहिला खटला आईवर चालतो. ‘तूनेच लाड़ से बिगाड़ा.’ मग सासू बोलते, फुफी बोलते, शेजारी बोलतात. दुसरा खटला तरबियतवर.

मी तुम्हाला सूरह हूदमधल्या हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांच्या मुलाची आठवण करून देतो. तुफान आलं आहे, बाप नौकेवरून हाक मारतो आहे, आणि मुलगा म्हणतो की मी डोंगरावर चढेन, तोच मला वाचवेल. पैगंबराच्या घरातला मुलगा हा. त्याने ऐकलं नाही म्हणून नूह यांची तरबियत कमी पडली असं कोणता मुसलमान म्हणेल? आणि त्या क्षणीही बापाने त्याला मारलेली हाक ‘माझ्या लेकरा’ अशीच आहे.

डॉक्टर सांगतात की कारण एक नसतं. काही मुलं जन्मतःच तापट असतात, त्यांना शांत व्हायला वेळ लागतो. काहींना सोबत एडीएचडी असतो, म्हणजे लक्ष टिकत नाही, हात-पाय शांत राहत नाहीत. ओडीडीच्या मुलांमध्ये हे फार वेळा सापडतं. काही घरांत शिस्त एक दिवस लोखंडाची आणि दुसऱ्या दिवशी मेणाची असते. काही घरांत मारहाण असते, दारू असते, आईबापाची रोजची भांडणं असतात. यातलं बरंचसं एकत्र येतं आणि मग ते दिसू लागतं.

या तालुक्यात संत्रा लावणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. झाडाला डिंक्या झाला की खोडातून डिंक गळतो. अनाडी माणूस डिंक पुसत बसतो. जाणता बागाईतदार बुंध्याशी पाणी साचतंय का ते बघतो, पाण्याला वाट काढून देतो, खोडाचा रोगट भाग खरवडून बोर्डो पेस्ट लावतो. झाडावर काठी कुणी उगारत नाही. मुलाचं उलट बोलणं हा तो डिंक आहे. साचलेलं पाणी कुठे आहे ते शोधायला हवं.

म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी आणि गेल्यावरही काही साधे प्रश्न विचारा. मुलाला नीट ऐकू येतं का? कान वाहतो का? ज्याला हाकच ऐकू येत नाही तो ‘ऐकत नाही’ असं वाटणारच. त्याला वाचता येतं का? आपल्या घरात हिंदुस्थानी बोलतात आणि शाळा उर्दू, मराठी किंवा सेमी इंग्रजी असते. पाचवीतल्या मुलाला ओळ वाचता येत नसेल तर वर्गात उभं राहून हसं करून घेण्यापेक्षा मास्तरांशी भांडून बाहेर जाणं त्याला सोपं वाटतं. त्याची झोप होते का? तो उदास आहे का? मुलांमधली उदासी पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्यातून बाहेर येते. कुणी त्याला मारतं का, कुणी त्याच्याशी घाणेरडं वागतं का?

आणखी एक. मूल घरी ठीक आहे, दुकानात ठीक आहे, फक्त शाळेतच भांडतं, तर आधी शाळेत काय चाललंय ते बघा. वर्गात त्याला धर्मावरून चिडवलं जात असेल, त्याच्या नावावरून, अम्मीच्या बुरख्यावरून टोमणे बसत असतील आणि तो उलटून बोलत असेल, तर त्याला गोळीची नाही, न्यायाची गरज आहे. आपल्या चळवळीने ही दोन प्रकरणं वेगळी ओळखली पाहिजेत. अन्यायाला आजार म्हणायचं नाही. आणि आजार असेल तर ‘आमच्या मुलावर अन्याय होतोय’ म्हणून तो झाकायचाही नाही.

मधलं चक्र

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी अशा मुलांच्या घरात जाऊन, कोण काय बोललं आणि त्यावर दुसऱ्याने काय केलं, याची अनेक वर्षं नोंद केली. 1982 साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. त्यांना जे सापडलं ते तुमच्या-माझ्या घरात रोज रात्री घडतं.

अम्मी म्हणते, मोबाइल ठेव, जेवायला ये. मुलगा ऐकत नाही. ती पुन्हा म्हणते, आवाज चढतो. तो ओरडतो. ती त्याहून मोठ्याने ओरडते. तो ताट भिरकावतो. आता दोनपैकी एक होतं. एक तर अम्मी थकून म्हणते, ‘जा, मर, बघत बस.’ त्यातून मुलगा शिकला की पुरेसं ओरडलं की सांगितलेलं काम टळतं. किंवा अब्बू उठतात, दोन लगावतात, मोबाइल हिसकावतात आणि घर शांत होतं. त्यातून अब्बू शिकले की मारलं की लगेच शांतता होते, आणि मुलगा शिकला की ज्याचा हात मोठा त्याचं खरं. दुसऱ्या दिवशी दोघेही काल जिथे थांबले त्याच्या एक पायरी वरून सुरू करतात.

माझ्या कामात अशी चूक सापडते तेव्हा कोणताही एक भाग नादुरुस्त नसतो. दोन भाग एकमेकांना चुकीचा प्रतिसाद देत राहतात आणि आवर्तन थांबत नाही. ते तोडायला कुठून तरी प्रतिसाद बदलावा लागतो. इथे तो कुणी बदलायचा? आठ वर्षांच्या मुलाने, की पस्तीस वर्षांच्या माणसाने? मोठ्यानेच. दोष मोठ्याचा आहे म्हणून नव्हे, मोठ्याला ते जमण्याची शक्यता जास्त आहे म्हणून.

म्हणूनच ओडीडीवर ज्या उपचाराचा सगळ्यात चांगला अभ्यास झाला आहे तो पालकांच्या प्रशिक्षणाचा आहे. लोकांना आश्चर्य वाटतं. मुलाला घेऊन जातो आणि डॉक्टर आपल्यालाच वर्गात बसवतात! पण तसंच आहे. फक्त ओडीडीसाठी म्हणून वेगळी गोळी नाही. सोबत एडीएचडी किंवा उदासी असेल तर डॉक्टर त्याचं औषध देतात आणि त्याने बराच फरक पडू शकतो. ते औषध मनाने सुरू करायचं नाही आणि मनाने बंदही करायचं नाही.

घरी काय करायचं?

आपाच्या घरी जे केलं ते सांगतो. ऐकायला फार साधं आहे. करायला अवघड.

सुरुवात शिस्तीने करत नाहीत. सुरुवात वेळ देण्याने करतात. रोज दहा-पंधरा मिनिटं मुलासोबत बसायचं, खेळ त्याने निवडायचा, आणि त्या वेळात हुकूम नाही, उपदेश नाही, अभ्यासाचा प्रश्न नाही. त्या दिवशी त्याने कितीही गोंधळ घातला असला तरी ही वेळ कापायची नाही. ज्या घरात वर्षभर फक्त रागावणंच चालू आहे, तिथे आधी नातं पुन्हा उभं करावं लागतं.

मग कौतुक. ‘शाबास, चांगला मुलगा’ असं मोघम नको. ‘एकदा सांगितलं आणि चप्पल जागेवर ठेवलीस, मला बरं वाटलं’ असं नेमकं. अशा मुलाने दिवसातून चार वेळा तरी ऐकलेलं असतं, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आपण फक्त न ऐकलेलं मोजत असतो.

मग सांगण्याची पद्धत. स्वयंपाकघरातून ओरडून सांगायचं नाही. जवळ जायचं, नाव घ्यायचं, एका वेळी एकच गोष्ट थोडक्यात सांगायची. ‘पाच मिनिटांनी मोबाइल चार्जिंगला लाव, मग जेवू.’ ‘कितनी बार बोलूँ तेरे को’ ही सूचना नाही, ते भांडणाचं आमंत्रण आहे. आणि जे करून घ्यायची आपली तयारी नाही ते सांगायचंच नाही. दिवसात वीस गोष्टींवर लढण्यापेक्षा तीन निवडा. मारामारी नाही, शिवी नाही, रात्री ठरल्या वेळी मोबाइल बंद. बाकीच्या तूर्त सोडा.

न ऐकल्यावर काय? परिणाम लहान हवा, ठरलेला हवा, त्याच दिवशी हवा. ‘महिनाभर मोबाइल मिळणार नाही’ ही धमकी तिसऱ्या दिवशी मोडते हे मुलाला माहीत असतं. ‘आज अर्धा तास कमी’ एवढंच सांगायचं, पण ते पाळायचं. आवाज न चढवता. आणि उद्या सकाळी हिशेब कोरा. कालचं आज उगाळायचं नाही.

तोंड वेंगाडणं, पुटपुटणं, पाय आपटणं, याकडे दुर्लक्ष करायचं. इथे एक इशारा देतो. दुर्लक्ष सुरू केलं की सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो. रोज चालणारा उपाय आज का चालत नाही म्हणून मूल जोर वाढवतं. पुष्कळ घरं याच ठिकाणी सोडून देतात आणि म्हणतात, आम्ही करून पाहिलं. तेव्हा जरा धरून ठेवा. मात्र कुणाला इजा होईल असं काही असेल तर दुर्लक्ष करायचं नाही, तिथे लगेच थांबवायचं.

हे सगळं घरातल्या सगळ्यांनी एकच केलं पाहिजे. अम्मी ‘नाही’ म्हणते आणि दादी पदराखालून पैसे देते, तर नियम उरतच नाही. आपाच्या घरी सगळ्यात अवघड काम दादींना पटवणं होतं. त्यांना पटलं तेव्हा घर बदललं, कारण घरात त्यांचंच चालतं.

आणि आपला राग? त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. हदीसमध्ये आलं आहे की राग आला तर उभ्या माणसाने बसावं, तरी गेला नाही तर आडवं व्हावं. हात उचलण्याच्या स्थितीतून शरीराला बाहेर काढण्याची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. हजरत अनस (रजियल्लाहु अन्हु) लहान वयात पैगंबर (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षं राहिले. ते सांगतात की त्या दहा वर्षांत त्यांना एकदाही त्रासिक शब्द ऐकावा लागला नाही, एखादं काम का केलं नाहीस असाही जाब कधी विचारला गेला नाही. दहा वर्षं, आणि समोर एक वाढतं पोर. सुन्नत म्हणून आपण दाढी मोजतो, पायजम्याची लांबी मोजतो. हीही सुन्नत आहे.

वाढत्या वयाची मुलं

तेरा-चौदाच्या पुढे नुसत्या बक्षिसावर आणि परिणामावर भागत नाही. तिथे मुलाला बोलण्यात घ्यावं लागतं. रॉस ग्रीन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा विचार मांडला की मूल जमलं तर नीट वागतंच. जमत नसेल तर कुठलं तरी कौशल्य कमी पडतंय. म्हणून भांडण पेटलेलं नसताना बसायचं, त्याची अडचण आधी पूर्ण ऐकायची, मग आपली सांगायची, आणि दोघांना चालेल असा तोडगा काढायचा.

कुणी म्हणेल, बाप असून मुलाला विचारायचं? सूरह साफ्फात आठवा. हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांना स्वप्नात अल्लाहचा हुकूम झाला होता. त्याहून मोठा हुकूम कोणता? तरी त्यांनी मुलाला विश्वासात घेतलं आणि तुझं मत काय असं विचारलं. मग आपण मोबाइलच्या वेळेबद्दल विचारलं तर आपली इज्जत कशी जाईल?

मुलींबद्दल स्वतंत्र बोलतो. मुलगा उलट बोलला तर त्याला डॉक्टरकडे न्यायचा विचार कधीतरी होतो. मुलगी उलट बोलली तर तिची शाळा थांबते आणि स्थळ बघणं सुरू होतं. ‘सासर में सुधर जाएगी.’ चिडचिड आणि उदासी घेऊन गेलेली मुलगी सासरी सुधारत नाही, ती एकटी पडते. अठरा वर्षांच्या आत लग्न हा कायद्याने गुन्हा आहे, हे वेगळं सांगायला नको.

मुलांचं काय होतं? त्याला लांबच्या वसतिगृहात किंवा मदरशात ‘सुधारायला’ पाठवतात, नाहीतर गॅरेजवर बसवतात. दीनी तालीम घ्यायला पाठवणं चांगलंच आहे. पण इल्मसाठी पाठवणं वेगळं आणि शिक्षा म्हणून पाठवणं वेगळं. ज्या मुलाला चिडल्यावर शांत होता येत नाही, ते अनोळखी जागी, शंभर मुलांमध्ये, शिस्तीच्या छडीखाली शांत होईल ही आशा खोटी आहे.

उपचार न झालेल्या काही मुलांचं वागणं पुढे गंभीर वळण घेतं, चोरी, मारामारी, नशा. सगळ्यांचं नाही, बहुतेकांचं नाही. ज्यांच्यात चिडचिड जास्त, त्यांना पुढे उदासी आणि चिंतेचा धोका जास्त. आपल्या समाजातल्या मुलाला दुसरी संधी मिळणं आधीच कठीण आहे. पोलिसांच्या वहीत एकदा नाव गेलं की ते निघायला किती वर्षं लागतात, हे इथे बसलेल्यांना मी काय सांगू? म्हणून आठव्या वर्षी जे करता येतं ते सोळाव्या वर्षापर्यंत लांबवू नका.

शाळा, दर्गा आणि दवाखाना

गुरुजनांना एक विनंती. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तरी आपाला एका शाळेने ‘दाखला घेऊन जा’ असं तोंडी सांगितलंच होतं. हा कायदा आमच्या संस्थेला लागू नाही असं काही ठिकाणी सांगतात. पण बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने केलेल्या क्रूरतेसाठी आहे. तिथे उर्दू शाळा, मराठी शाळा, मदरसा असा फरक नाही.

पण मला कायद्याची भीती घालायची नाही. साठ मुलांच्या वर्गात असं एक मूल सांभाळणं किती अवघड आहे ते मला दिसतं. दोनच गोष्टी करून बघा. त्याला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन बोला. आणि रोजच्या वहीत एक ओळ लिहून घरी पाठवा, ज्यात आज त्याने काय बरं केलं ते असेल. तक्रारींचीच वही घरी गेली की घरी मार बसतो, आणि तो राग दुसऱ्या दिवशी तुमच्याच वर्गात परत येतो.

आता दर्ग्याबद्दल, कारण तुमच्या मनात ते आहे. विदर्भात अशा मुलाला ‘बाहेरचं आहे’ म्हणून सैलानीला नेतात, ताजबागला नेतात. दुआ मागा, मी कोण नको म्हणणारा. पण इलाज करणंही दीनमध्येच आहे. पैगंबरांना (स.) विचारलं गेलं की आम्ही उपचार घ्यावेत का, तेव्हा त्यांनी घ्या असंच सांगितलं. दुआ आणि दवा यांचं भांडण आपण लावलेलं आहे. मात्र भूत काढायच्या नावाखाली कुणी मुलाला बांधत असेल, मारत असेल, मिरचीची धुरी देत असेल, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. तिथून मुलाला उचला आणि निघा.

उलट बाजूची भीती ‘पागलखान्याची’. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की लोक दचकतात. ज्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर आपण चादर घेऊन जातो, त्यांना 1892 साली याच इस्पितळात ठेवलं होतं. 1908 साली राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना तिथून आपल्या वाड्यावर नेलं. त्या दाराच्या आत गेल्याने बाबांची इज्जत कमी झाली का? मग केसपेपर काढल्याने तुमच्या मुलाची का होईल?

आणि सुरुवात तर घरूनच होते. 14416 हा टेलिमानसचा नंबर लिहून घ्या. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 ला ही सेवा सुरू केली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मुलावर अत्याचार होत असेल तर 1098. शाळा आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्याजवळ मुलाच्या वागण्याचा विषय काढा, ते पुढे पाठवू शकतात. नागपुरात मेडिकलला, मेयोला मानसोपचार विभाग आहे, मिहानला एम्स आहे. नरखेडहून सकाळच्या रेल्वेने गेलं तर संध्याकाळी घरी परत येता येतं. जाताना शाळेची वही, कानाची-डोळ्याची तपासणी झाली असेल तर ते कागद, आणि त्रास कधी, कुठे, कशावरून होतो याची पंधरा दिवसांची टिपणं सोबत न्या. आणि शक्य असेल तर दोघेही जा. एकट्या आईला पाठवू नका.

आपण काय करू शकतो?

माझं मागणं छोटं आहे. महिन्यातून एक दिवस, एक तास, अशा पालकांची बैठक. शाळेच्या खोलीत चालेल, मशिदीला लागून असलेल्या खोलीत चालेल. बायकांना सोयीची वेळ असावी. तिथे निदान करायचं नाही, सल्ल्याची सरबत्ती करायची नाही. या महिन्यात घरी काय करून पाहिलं आणि काय झालं, एवढंच एकमेकांना सांगायचं. नागपूरच्या डॉक्टरांना वर्षातून दोनदा इथे बोलवायचं. जुम्माच्या बयानमध्ये इमाम साहेबांनी एकदा अनस (र.) यांचा प्रसंग घ्यावा आणि मुलांना मारू नका एवढं स्पष्ट सांगावं. तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते माझ्या शब्दाला नाही.

भाचा आता बारा वर्षांचा आहे. अजूनही चिडतो. पण चिडल्यावर स्वतः उठून गच्चीवर जातो आणि दहा मिनिटांनी खाली येतो. आपा याला खूप मोठी गोष्ट म्हणते. मलाही ती मोठीच वाटते.

सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला नसीहत करतो. शिर्क करू नकोस, नमाज कायम ठेव, चालताना अकडून चालू नकोस, आवाज खाली ठेव. सगळे हुकूमच आहेत. पण हुकमांमध्ये पुन्हा पुन्हा येते ती ‘माझ्या लेकरा’ हीच हाक. आपण हुकूम तेवढे पाठ केले. हाक विसरलो. ती आज घरी जाऊन मारू या.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या लेकरांना सलामत ठेवो आणि आपल्याला सब्र देवो. आमीन.  आता प्रश्न विचारा, आणि चारचौघांत विचारायचा नसेल तर मी बाहेर थांबतो, तिथे बोला.

अस्सलामु अलैकुम.